चयापचयी लक्षणसमूह आणि हृदयविकाराचा झटका

पोटाचा घेर वाढणे, रक्तदाब काहीसा चढा राहणे, उपाशीपोटी रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण वाढणे, रक्तातील ट्रायग्लिसराइडे (वसेचा म्हणजे स्निग्ध पदार्थाचा एक प्रकार) वाढणे आणि उच्च घनतेच्या वसाप्रथिनातील कोलेस्टेरॉल कमी होणे, या पाच दोषांपैकी कोणतेही तीन किंवा अधिक दोष एकाच व्यक्तीत एकत्र आढळल्यास त्या स्थितीस ‘चयापचयी लक्षणसमूह’ असे म्हणतात. चयापचय म्हणजे शरीरात सतत घडणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडी. अन्नापासून मिळालेली ऊर्जा साठविण्याच्या व वापरण्याच्या क्रियांत बिघाड झाल्याने हे दोष उद्‌भवतात, म्हणून हे नाव रूढ झाले. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिणीत रक्ताची गुठळी अडकून स्नायूचा काही भाग मृत होणे, यास सामान्यतः हृदयविकाराचा झटका म्हणतात. लक्षणसमूह असलेल्या व्यक्तीत असा झटका येण्याचा संभव इतरांच्या सुमारे दुप्पट असतो.

या लक्षणसमूहाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील प्रत्येक दोष स्वतंत्रपणे पाहिल्यास बहुधा सौम्य असतो. रक्तदाब औषध सुरू करण्याइतका वाढलेला नसतो, ग्लुकोज मधुमेहाच्या मर्यादेपर्यंत पोचलेले नसते आणि रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही. अशा सौम्य दोषांची बेरीज मात्र धोकादायक ठरते. हे ध्यानात येण्यास वैद्यकाला जवळजवळ पाऊण शतक लागले. त्यानंतरही ही बेरीज कोणत्या मापाने करावी आणि एका मानवसमूहावरून ठरविलेले माप दुसऱ्यास लागू पडते काय, याविषयी दीर्घकाळ वाद झाला. भारतीयांच्या दृष्टीने हा वाद विशेष महत्त्वाचा आहे.

पूर्वेतिहास : अतिस्थूलतेचे दुष्परिणाम प्राचीन वैद्यांना ठाऊक होते. चरकसंहितेत अतिस्थूल व्यक्तीचे आठ दोष सांगितले असून आयुष्याचा ऱ्हास हा त्यांपैकी एक आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्तज (अयोग्य आहारविहारामुळे होणारा) असे दोन प्रकार मानले असून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो, असे म्हटले आहे. मधुमेहाच्या आधुनिक वर्गीकरणाशी असलेले या निरीक्षणाचे साम्य लक्षणीय आहे. तथापि त्यावरून हृद्‌रोहिणींच्या विकाराशी असलेला संबंध त्या काळी ज्ञात होता, असे म्हणता येत नाही.

इटालियन शारीरविज्ञ जोव्हान्नी बात्तीस्ता मोर्गान्ये (१६८२–१७७१) यांनी १७६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शवविच्छेदनाच्या शेकडो नोंदी दिल्या. त्यांपैकी काहींत उदरपोकळीतील मेदाचा मोठा साठा व रोहिण्यांचे काठिण्य ही एकाच देहात आढळल्याचे वर्णन आहे. ब्रिटिश वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये हृद्‌शूलाचे (छातीत आवळल्यासारख्या होणाऱ्या वेदनांचे) वर्णन सादर केले व ते १७७२ मध्ये छापले गेले. या वेदनांचे मूळ हृद्‌रोहिणींत असल्याचे मात्र हेबर्डन यांच्या लक्षात आले नव्हते. हृद्‌रोहिणीतील गुठळीचे निदान जिवंत रुग्णात करता येते आणि असा रुग्ण वाचूही शकतो, हे अमेरिकन वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. पुढच्याच वर्षी रशियन शास्त्रज्ञ न्यिकलाय अनिच्‌कॉव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत वसायुक्त थर निर्माण केले. अशा प्रकारे विसाव्या शतकाच्या आरंभी झटक्याचे स्थान व त्यामागील रोहिणीचा विकार ही दोन्ही ज्ञात झाली. तो विकार कोणत्या व्यक्तीत व का वाढतो, हा प्रश्न शिल्लक राहिला.

दोषांच्या साहचर्याचा शोध : १९२२ मध्ये व्हिएन्ना येथील कार्ल हिट्‌सेनबेर्गर आणि माद्रिद येथील ग्रेगोर्यो मारान्योन यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे अतिरक्तदाब व मधुमेह यांचे साहचर्य नोंदविले. १९२३ मध्ये स्वीडिश वैद्य एस्किल कीलिन यांनी अतिरक्तदाब, रक्तातील ग्लुकोजाधिक्य व यूरिक अम्लाचे आधिक्य (जे संधिवाताच्या गाऊट या प्रकारात आढळते) यांचा एक लक्षणसमूह वर्णन केला. पुढे मान्य झालेल्या लक्षणसमूहाचे हे पहिले स्पष्ट रूप मानले जाते. १९२१ मध्ये टोराँटो येथे इन्शुलिनाचा शोध लागला होता व मधुमेह म्हणजे या हॉर्मोनाचा (उत्तेजक स्रावाचा) अभाव ही कल्पना तेव्हा दृढ होत होती. त्यामुळे कीलिन यांच्या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळले नाही.

त्या कल्पनेला पहिला छेद ब्रिटिश वैद्य हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दिला. रुग्णाला ग्लुकोज पाजून त्याच वेळी इन्शुलीन टोचल्यास काही रुग्णांत रक्तातील ग्लुकोज आटोक्यात राहते, तर काहींत इन्शुलीन मिळूनही ते वाढतच जाते, असे त्यांना आढळले. यावरून १९३६ मध्ये त्यांनी मधुमेहाचे इन्शुलीन-संवेदनक्षम व इन्शुलीन-असंवेदनक्षम असे दोन प्रकार पाडले. दुसऱ्या प्रकारचे रुग्ण बहुधा मोठ्या वयाचे व लठ्ठ असून त्यांच्यात अतिरक्तदाब व रोहिणीकाठिण्य यांचे प्रमाण अधिक होते. इन्शुलीन असूनही त्याचा परिणाम होत नाही, या कल्पनेचा हा आरंभ होय. रक्तातील इन्शुलिनाचे अल्प प्रमाण मोजण्याची रीत मात्र उपलब्ध नव्हती. ती रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने सिद्ध केली व १९६० मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेक रुग्णांच्या रक्तात इन्शुलीन कमी नसून उलट अधिक असते, हे तिच्यामुळे प्रत्यक्ष मोजून दिसले. बर्सन यांचे १९७२ मध्ये निधन झाले. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अंश मिळाला. [⟶ मधुमेह].

मेदाचे स्थान : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लठ्ठपणाचा विचार मुख्यत्वे वजनाच्या आधारे होत असे. आयुर्विमा कंपन्यांनी तयार केलेली उंची व वजन यांची कोष्टके त्यासाठी वापरात होती. फ्रान्समधील मार्से येथील वैद्य झां व्हाग यांनी १९४७ मध्ये या दृष्टीतील उणीव दाखविली. धडाच्या वरच्या भागात मेद साठणारा पुरुषी ठेवणीचा लठ्ठपणा आणि नितंब व मांड्यांवर मेद साठणारा स्त्रियांच्या ठेवणीचा लठ्ठपणा असे भेद त्यांनी केले. मधुमेह, रोहिणीकाठिण्य व गाऊट ही दुखणी पहिल्या प्रकारात अधिक आढळतात, म्हणजेच मेद किती आहे यापेक्षा तो कोठे आहे याला महत्त्व आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा लेख फ्रेंच भाषेत असल्याने व मापनाची रीत किचकट असल्याने पुष्कळ वर्षे तो दुर्लक्षित राहिला.

त्याची पुष्टी १९८४ मध्ये स्वीडनमधील गॉथनबर्ग येथील अभ्यासाने झाली. १९१३ मध्ये जन्मलेल्या ७९२ पुरुषांची वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तपासणी करून पुढे १३ वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला होता. कंबर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर जितके मोठे, तितके हृद्‌विकार व मेंदूतील रक्तस्रावादी आघात अधिक, असे त्यात आढळले. साधी मोजपट्टी ही वजनकाट्याहून अधिक उपयुक्त ठरू शकते, हे या अभ्यासाचे सार होय. त्याच सुमारास जपानमध्ये ओसाका येथे यूजी मात्सुझावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय क्ष-किरण छेदचित्रणाने त्वचेखालील मेद व आतड्यांभोवतीचा मेद वेगवेगळे मोजण्यास आरंभ केला आणि दुसऱ्या प्रकारच्या मेदाचा चयापचयातील बिघाडाशी अधिक निकटचा संबंध असल्याचे दाखविले.

धोक्याचे घटक : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मॅसॅचूसेट्‌स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. निरोगी माणसे आधी तपासून ठेवावयाची व पुढे त्यांपैकी कोणाला हृद्‌विकार होतो ते पाहावयाचे, अशी त्याची पद्धत होती. अतिरक्तदाब व रक्तातील कोलेस्टेरॉलाचे आधिक्य असलेल्यांना हृद्‌रोहिणीविकार अधिक होतो, असे या अभ्यासातील विल्यम कॅनल, टॉमस डॉबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये जाहीर केले. ‘धोक्याचे घटक’ ही संज्ञा या अभ्यासामुळे सर्वत्र रूढ झाली. हृदयविकाराचा झटका हा अकस्मात कोसळणारा घाला नसून वर्षानुवर्षे आधी मोजता येणाऱ्या दोषांचा परिणाम आहे, ही जाणीव त्यातून निर्माण झाली. तथापि प्रत्येक घटक येथे सुटा मोजला जात होता. अनेक घटक एकाच व्यक्तीत वारंवार एकत्र का येतात, याचे उत्तर त्यात नव्हते.

हे एकत्र येणे योगायोगापेक्षा अधिक आहे, असे यूरोपातील काही वैद्यांनी दाखविले. इटलीतील पाद्‌व्हा येथील ग्रुपमधील आव्होगारो व क्रेपाल्डी यांनी १९६०–७० या दशकात मध्यम लठ्ठपणा, मधुमेह व रक्तातील वसाधिक्य यांचे साहचर्य वर्णन केले. १९७७ मध्ये पूर्व जर्मनीतील हाल्लर यांनी लठ्ठपणा, मधुमेह, रक्तातील वसाधिक्य, यूरिक अम्लाधिक्य व यकृतातील मेदसंचय यांच्या समुच्चयास ‘चयापचयी लक्षणसमूह’ हे नाव वापरले. १९८१ मध्ये ड्रेझ्डेन येथील हानेफेल्ट व लेओनहार्ट यांनी याच शीर्षकाचा लेख लिहिला. हे लेखन जर्मन भाषेत असल्याने इंग्रजीभाषिक वैद्यकात ते फारसे पोचले नाही.

रीव्हन यांचा सिद्धांत : या विखुरलेल्या निरीक्षणांना एका सूत्रात गोवण्याचे श्रेय अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरल्ड रीव्हन (१९२८–२०१८) यांना दिले जाते. १९८८ मध्ये अमेरिकन मधुमेह संघटनेच्या बँटिंग व्याख्यानात त्यांनी आपला सिद्धांत मांडला. स्नायूंच्या कोशिका (पेशी) इन्शुलिनाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत तेव्हा अग्निपिंड अधिक इन्शुलीन स्रवून ग्लुकोज आटोक्यात ठेवते. अग्निपिंड थकले तर मधुमेह होतो. न थकले तर मधुमेह टळतो, परंतु वाढलेले इन्शुलीन व त्याला होणारा प्रतिरोध यांची किंमत शरीराला अन्य रीतीने मोजावी लागते. ट्रायग्लिसराइडे वाढतात, उच्च घनतेच्या वसाप्रथिनातील कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढतो व हृद्‌रोहिणीविकाराचा धोका वाढतो. या समुच्चयाला रीव्हन यांनी ‘एक्स लक्षणसमूह’ असे नाव दिले. हृद्‌रोहिण्या निर्दोष असूनही हृद्‌शूल होणाऱ्या एका वेगळ्या स्थितीस हेच नाव आधीपासून असल्याने काही काळ गोंधळही झाला.

रीव्हन यांनी लठ्ठपणाचा आपल्या यादीत समावेश केला नव्हता, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लठ्ठ नसलेल्या व्यक्तींतही इन्शुलिनाला प्रतिरोध आढळतो, असे त्यांचे म्हणणे होते. याउलट डॅलस येथील नॉर्मन कॅप्लन यांनी १९८९ मध्ये धडाच्या वरच्या भागाचा लठ्ठपणा, ग्लुकोज-असह्यता, ट्रायग्लिसराइडाधिक्य व अतिरक्तदाब या चौकडीस ‘प्राणघातक चतुष्टय’ म्हटले व लठ्ठपणास अग्रस्थान दिले. मूळ दोष इन्शुलिनाच्या प्रतिरोधाचा की उदरातील मेदाचा, हा मतभेद तेथून सुरू झाला.

कार्यकारणभाव : १९९० नंतरच्या संशोधनाने या दोन मतांना बऱ्याच अंशी जोडले. आतड्यांभोवतीच्या मेदातून सुटणारी वसाम्ले आतड्यांकडील रक्त नेणाऱ्या नीलेवाटे थेट यकृतात पोचतात. यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडयुक्त वसाप्रथिने बनवून रक्तात सोडते. त्यांच्या आधिक्यामुळे उच्च घनतेची वसाप्रथिने घटतात आणि कमी घनतेच्या वसाप्रथिनांचे कण आकाराने लहान व अधिक दाट होतात. असे कण रोहिणीच्या भित्तीत सहज शिरतात. स्नायू व यकृत यांत वसा साचल्याने इन्शुलिनाचा प्रतिरोध वाढतो. वृक्के (मूत्रपिंडे) मात्र इन्शुलिनाला प्रतिसाद देत राहिल्याने शरीरात सोडियम साठून रक्तदाब वाढण्यास मदत होते.

मेद हे केवळ ऊर्जेचे कोठार नसून स्रवणारे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) आहे, हे १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी लेप्टिन या हॉर्मोनाच्या शोधाने स्पष्ट केले. उदरातील मेदामुळे दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात वाढतात, संरक्षक समजले जाणारे ॲडिपोनेक्टिन घटते आणि गुठळी विरघळविणाऱ्या यंत्रणेस रोखणारे द्रव्य वाढते. परिणामी एकीकडे रोहिणीच्या अस्तराखाली वसेचा थर जमत जातो, दुसरीकडे दाहामुळे त्यावरील आवरण कमकुवत होते आणि ते फाटल्यावर तयार झालेली गुठळी सहज विरघळत नाही. थर जमण्यास दशके लागतात. आवरण फाटून हृद्‌रोहिणी बंद होण्यास काही मिनिटे पुरतात. झटका अकस्मात आल्यासारखा वाटतो तो यामुळे.

व्याख्यांचा इतिहास : जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनी १९९८ मध्ये लक्षणसमूहाची पहिली आंतरराष्ट्रीय व्याख्या मांडली. तीत मधुमेह, ग्लुकोज-असह्यता किंवा इन्शुलिनाचा प्रतिरोध यांपैकी एक असणे अनिवार्य होते. इन्शुलिनाचा प्रतिरोध मोजणे सामान्य दवाखान्यात शक्य नसल्याने ही व्याख्या संशोधनापुरती उरली. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल शिक्षण कार्यक्रमाच्या तज्ञमंडळाने मोजपट्टी, रक्तदाबमापक व रक्ताची नेहमीची तपासणी एवढ्यावर ठरविता येणारे पाच निकष दिले व त्यांपैकी तीन पुरेसे मानले. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कमरेचा वाढलेला घेर अनिवार्य ठरविला, मात्र त्याची मर्यादा मानवसमूहानुसार वेगळी ठेवली. या मतभेदांचा समन्वय २००९ मध्ये अनेक संघटनांच्या संयुक्त निवेदनाने झाला. त्यानुसार कोणताही एक निकष अनिवार्य नाही. ट्रायग्लिसराइडे १०० मिलि. रक्तात १५० मिग्रॅ. किंवा अधिक, उच्च घनतेच्या वसाप्रथिनातील कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिग्रॅ.पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ मिमी. पारा किंवा अधिक. उपाशीपोटी ग्लुकोज १०० मिग्रॅ. किंवा अधिक, आणि त्या त्या मानवसमूहासाठी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा मोठा कमरेचा घेर असे हे पाच निकष होत. त्या त्या दोषावर औषध चालू असल्यास तोही निकष पूर्ण झाला असे धरतात.

धोक्याचे मापन : व्याख्या निश्चित झाल्यावर झटक्याशी असलेला संबंध आकड्यांत मांडता येऊ लागला. फिनलंड व स्वीडनमधील बॉटनिया अभ्यासात (२००१) ३५ ते ७० वर्षे वयाच्या ४,४८३ व्यक्तींपैकी लक्षणसमूह असलेल्यांत हृद्‌रोहिणीविकार व पक्षाघात यांचा धोका तिप्पट आढळला. फिनलंडमधील क्वोपिओ येथील मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात (२००२) आरंभी हृद्‌विकार व मधुमेह नसलेल्यांतही लक्षणसमूहामुळे हृद्‌विकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. २०१० मध्ये ८७ अभ्यासांतील साडेनऊ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार झटक्याचा धोका १·९९ पट, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका २·४ पट असतो.

नावाविषयीचा वाद : धोका वाढतो हे मान्य झाले, तरी तो घटकांच्या बेरजेहून अधिक आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. २००५ मध्ये अमेरिकन मधुमेह संघटना व यूरोपीय मधुमेह अभ्यास संघटना यांच्या संयुक्त समीक्षेत व्याख्येतील अनेक उणिवा दाखविण्यात आल्या. १२९ व १३० मिमी. या रक्तदाबांत निसर्गतः सीमारेषा नसते. वय, धूम्रपान व कमी घनतेच्या वसाप्रथिनातील कोलेस्टेरॉल हे झटक्याचे प्रमुख घटक या व्याख्येत नाहीत. तसेच लक्षणसमूहावर स्वतंत्र उपचार नसून त्यातील दोषांवरच उपचार करावे लागतात. स्वतः रीव्हन यांनीही त्याच वर्षी हे निदान व्यवहारात निरुपयोगी असल्याचे मत मांडले. इन्शुलिनाचा प्रतिरोध ही घडामोड समजून घेण्याची कल्पना होती, रुग्णावर चिकटविण्याची चिठ्ठी नव्हे, असा त्यांचा आशय होता. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञगटानेही ही संकल्पना शिक्षणासाठी उपयुक्त, परंतु निदानासाठी मर्यादित मोलाची मानली.

५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने (२००४) पहिला झटका आलेल्या सुमारे १५,००० रुग्णांची तेवढ्याच निरोगी व्यक्तींशी तुलना केली होती. त्यातील माहितीच्या २०१० मधील विश्लेषणात लक्षणसमूहाचा धोका केवळ मधुमेहाच्या किंवा केवळ अतिरक्तदाबाच्या धोक्याएवढाच आढळला. म्हणजे ही संकल्पना झटक्याचे भाकीत करणारे सर्वोत्तम साधन नाही. तिचा खरा उपयोग अन्यत्र आहे. ज्याला अद्याप मधुमेह नाही व ज्याचा रक्तदाब उपचाराच्या मर्यादेखाली आहे, अशा व्यक्तीकडे वैद्याचे लक्ष वेळीच वेधण्याचे काम ती करते.

भारतीयांतील स्वरूप : ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत हृद्‌विकाराचे प्रमाण अधिक होते, परंतु धूम्रपान व कोलेस्टेरॉल यांवरून त्याचा उलगडा होत नव्हता. पॉल मॅकीग व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये लंडनमधील ३,१९३ पुरुष व ५६१ स्त्रिया यांच्या अभ्यासाने या कोड्याचे उत्तर सुचविले. दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचे प्रमाण १९ टक्के, तर यूरोपीय वंशाच्या लोकांत ४ टक्के होते; शिवाय उदरातील मेद, ट्रायग्लिसराइडे व इन्शुलीन हीही त्यांच्यात अधिक होती.

याचे मूळ किती मागे जाते, हे पुणे येथील संशोधनाने दाखविले. के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांशी करण्यात आली. भारतीय बालकांचे सरासरी वजन २·७ किग्रॅ., तर इंग्लिश बालकांचे ३·५ किग्रॅ. होते. मात्र भारतीय बालकांची उणीव मुख्यत्वे स्नायू व उदरातील अवयव यांत होती. त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून ‘कृश परंतु मेदयुक्त’ भारतीय बालक ही संकल्पना पुढे आली. गर्भावस्थेतील कुपोषणाचा संबंध प्रौढ वयातील मधुमेह, अतिरक्तदाब व हृद्‌विकार यांच्याशी असावा, असे ब्रिटिश वैद्य डेव्हिड बार्कर यांनी १९८६ पासून प्रतिपादिले होते. पुण्याच्या निरीक्षणांनी त्यास भारतीय संदर्भ मिळाला. २००४ मध्ये याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभार निर्देशांक (किग्रॅ. वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) २२·३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते.

या पार्श्वभूमीवर कमरेच्या घेराच्या मर्यादेचे महत्त्व ध्यानात येते. २००१ च्या अमेरिकन निकषांत पुरुषांसाठी १०२ सेंमी. व स्त्रियांसाठी ८८ सेंमी. ही मर्यादा होती. या मापाने पाहता कित्येक भारतीय निर्दोष ठरत. दक्षिण आशियाई लोकांसाठी पुढे पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. ही मर्यादा मान्य झाली. हा फरक केवळ तांत्रिक नाही. इंटरहार्ट अभ्यासात पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे, तर अन्य देशांत ५९ वर्षे आढळले. चुकीच्या मापाने निर्धास्त झालेला मनुष्य कुटुंबाचा भार वाहण्याच्या वयातच दगावू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११·४ टक्के प्रौढांना मधुमेह, १५·३ टक्के प्रौढांना मधुमेहपूर्व स्थिती, ३५·५ टक्के प्रौढांना अतिरक्तदाब व ३९·५ टक्के प्रौढांना उदराचा लठ्ठपणा असल्याचे आढळले.

प्रतिबंध : आहार व व्यायाम यांत बदल केल्यास मधुमेह टळतो किंवा लांबतो, हे फिनलंड (२००१) व अमेरिका (२००२) येथील चाचण्यांनी सिद्ध केले, दोहोंत धोका ५८ टक्क्यांनी घटला. चेन्नई येथील ए. रामचंद्रन यांच्या चाचणीत (२००६) ही घट २८·५ टक्के होती. झटका टाळण्याचा पुरावा मिळण्यास मात्र अधिक काळ लागला. मधुमेह झालेल्या ५,१४५ व्यक्तींवरील अमेरिकन चाचणीत (२०१३) वजन घटूनही हृद्‌विकार घटले नाहीत. याउलट चीनमधील दाचिंग येथे मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींवर १९८६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीचा ३० वर्षांचा मागोवा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार २६ टक्क्यांनी कमी आढळले. या दोन चाचण्या एकत्र पाहता उपाय जितक्या लवकर सुरू होतील तितके फलदायी, असा निष्कर्ष काढण्यास आधार मिळतो. २०२३ मध्ये १७,६०४ रुग्णांवरील चाचणीत सेमाग्लुटाइड या औषधाने मधुमेह नसलेल्या, परंतु लठ्ठ व आधीच हृद्‌विकार असलेल्या व्यक्तींत झटका, पक्षाघात व हृद्‌विकाराने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटविले. त्याच वर्षी अमेरिकन हृद्‌रोग संघटनेने हृदय, वृक्के व चयापचय यांचे विकार एकाच साखळीचे दुवे मानून त्यांच्या पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीवर केवळ अतिरिक्त किंवा सदोष मेदसंचय आहे.

कीलिन यांच्या १९२३ च्या त्रयीपासून या साखळीपर्यंत लक्षणसमूहाचे नाव व निकष अनेकदा बदलले आणि पुढेही बदलणे संभवते. मूळ निरीक्षण मात्र कायम राहिले आहे : हृदयविकाराच्या झटक्याची पूर्वतयारी अनेक वर्षे आधी, प्रत्येकी क्षुल्लक भासणाऱ्या दोषांच्या रूपाने होत असते. हे दोष मोजपट्टी, रक्तदाबमापक व रक्ताची साधी तपासणी यांनी ओळखता येतात. त्यासाठी वापरावयाची मापे मात्र ज्या लोकांची तपासणी करावयाची त्यांच्याच अभ्यासावरून ठरलेली असणे आवश्यक आहे.